आधी हाक

हरिपूर, रात्रीचे पावणेदोन.
एक जण लिहीत होता, त्याच क्षणी दुसऱ्यानं वाचलं
आणि त्याच्या हाती अर्धीच फाइल आली.
तीन दिवस मी हेच शोधतेय.

पाणी प्यायला उठलेले आदगोंडामामा खुर्चीमागे थांबले.
हळदीची पेवं राखण्यात जन्म गेलेला माणूस.
मी सांगितलं, जमेल तसं.

"पेव भरत असताना पावती फाडतंय व्हय कोण?
आधी भरायचं. तोंड लिंपायचं. मग पावती.
तवर गिऱ्हाइकाला जुनं पेव दाखवायचं,
त्यात काय खोटं न्हाई."

दोन ओळींची अदलाबदल केली.
नवं सगळं लिहून झाल्यावर, अगदी शेवटी, नाव फिरवायचं.
आता वाचणारे हजार येवोत.

राहिलं एक कुलूप.
मंगळवारपासून तसंच, लावणाऱ्याचा पत्ता नाही.
पुसायला बोट नेलं, तेवढ्यात मामा म्हणाले,
"पेवाच्या तोंडाशी चपला दिसल्या
तर लगेच उचलायच्या न्हाईत.
खाली हवा वाईट असती."

कुणाच्या चपला, ते मी विचारलं नाही.
कुलपावरचा क्रमांक वाचून
आत हाक मारली.
उत्तर नाही.
थोडं थांबले,
पुन्हा मारली.