तुकडा

बरी होऊन मला एकोणीस दिवस झाले होते.
फाईलवर तसं लिहिलं होतं, खाली सही होती.
पण मी बरी झाले, घर अजून झालं नाही,
असं काहीसं त्यांचं म्हणणं.
सकाळी उठवायला कोण, रात्री निजवायला कोण,
याचा कागद या खात्यातून त्या खात्यात
मुलीच्या पत्रिकेसारखा फिरत राहिला,
आणि मी खिडकीशेजारी,
स्वान्सीच्या अख्ख्या खाडीकडे पाठ करून,
कारण खाट वळत नव्हती.

गुरुवारी दोनला म्हणाले, आज.
गाडी सहाला आली.

एम्लिन नावाचा माणूस, खुर्चीला चार पट्टे आवळताना
मलाच विचारत होता, दुखतंय का,
माझ्या डोक्यावरून दुसऱ्या कुणाला नाही.
एवढ्यावर मी त्याला मनात दहापैकी नऊ दिले.

अशा गाडीत आपण उंच बसतो,
खिडकी राहते खाली.
आकाश नाही, दुकानांच्या पाट्या नाहीत,
दिसते फक्त फुटपाथची कड.
मी कडेवरून घर ओळखत आले.
हा उतार नीट केलेला. हा केल्यासारखा केलेला.
ही औषधांच्या दुकानापुढची फरशी,
हिने परवाच्या मार्चात माझं पुढचं चाक
सावकारासारखं धरून ठेवलं होतं.
मग टाऊनहिलचा चढ.
पाठ मागे रेलली, पट्टे करकरले,
म्हटलं, आलं.

इस्पितळाची खुर्ची दारात अडकली.
दोन बोटांचा फरक.
मी चौकटीत, एम्लिन माझ्या मागे फुटपाथवर,
आणि आत पॅसेजमध्ये माझी स्वतःची खुर्ची,
दोन्ही टायर बसलेले.
सहा आठवड्यांपूर्वी मला आडवी नेली,
तिला सांगायचं राहूनच गेलं.

शेजारच्या बेननबाईंकडे मागच्या दाराची किल्ली,
आणि त्यांच्या नातवाकडे, ऱ्होड्रीकडे, सायकलचा पंप.
तो मागच्या गल्लीतून आत शिरला.
बराच वेळ नुसतं फुस्स फुस्स.
मधेच फोन. मिरजेहून कुंदा,
तिकडे रात्रीचे साडेअकरा.
पोचलीस? आत गेलीस?
थांब, तशीच जाऊ नकोस,
आधी तुकडा ओवाळून टाक. आणि पायांवर पाणी.
मग जरा गप्प झाली.
मग म्हणाली, चाकांवर घाल.

भाकरी कुठली! बेननबाईंनी पाव आणला,
तीळ लावलेला, कडा कापलेला,
पाहुण्यासाठी कापतात तसा.
ऱ्होड्री पंप ठेवून आला.
कुठल्या बाजूनं? घड्याळाच्या.
किती वेळा? तीन.
त्याने मोजून तीनदा फिरवला,
टायरमधली हवा पाहावी तितक्याच काळजीनं.
एम्लिनने उगाचच टोपी काढली.
आता लांब फेक, आणि मागे बघू नकोस.

पण तुकडा खाली पडलाच नाही.
वरच्या वर एका सीगलने झेलला
आणि गेला छपरांवरून, समुद्राकडे.

पाणी घातलं. चाकांवर, थोडं पायांवरही,
गार लागलं ते डोळ्यांना कळलं, पायांना नाही.
मग फळी टाकली,
आणि मी एका खुर्चीतून दुसरीत
उंबरठ्यावरच सरकले.
एम्लिनची पाळी कधीच संपली होती.
दहावा गुण देऊन टाकला.

आत वळताना चौकटीवरचा तो जुना ओरखडा,
माझ्याच चाकाने पाडलेला,
तिथेच पुन्हा घासले. बरं वाटलं.
फ्रिजमध्ये दुधाचं काय झालं होतं, ते सांगत नाही.

सकाळी साडेसातला कागदावरची बाई येणार होती.
नऊला आली.
तोवर मी पडून ऐकत होते,
छतावर एक सीगल रात्रभर ओरडत होता,
अजूनही ओरडत होता.
लागली वाटतं त्याला.