अळणी

गुजरीत माझा काटा काचेच्या पेटीत असतो.
पंखा बंद करून, श्वास धरून
मी लोकांचं सोनं जोखतो, मिलिग्रामपर्यंत.
स्वतःला मात्र स्टँडवरच्या
लाल-हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या यंत्रावर.

मार्चात भात सोडला. भाकरी सोडली.
शाहूपुरीतून येताना गुळाच्या वासाकडं
वळूनसुद्धा बघितलं नाही.
सहा दिवसांत साडेतीन किलो!
बावीस मापाची अंगठी बोटात फिरायला लागली,
साबण लावताना मोरीत घरंगळली.
शालन म्हणाली, जाळी बसवून घ्या आता,
मोरीला नव्हे, बोटाला.

भाची प्रणोती सीपीआरच्या लॅबमध्ये असते. ती हसली.
"मामा, ही चरबी नव्हे. पाणी गेलंय तुमचं.
भाताच्या साठ्याला बिलगून बसलेलं.
साठा उठला तसं तेही उठलं,
जाताना मीठ बांधून घेऊन गेलं."

म्हणजे सोन्याचं पाणी उतरावं तसं
माझं उतरलं होतं.
आतला पितळी मी जागच्या जागी.

तरी हट्ट. जेवणातलं मीठही तोडलं,
खारट खाल्लं की सूज, वडील म्हणायचे.
तिसऱ्या रात्री पोटरीत असा गोळा आला
की अंथरुणाभोवती लंगडी घातली.
सकाळी शेगडीपासून उठलो तर
डोळ्यांपुढं अंधारी, आणि अंधारीत
पुडीतून सांडल्यासारखे बारीक खडे.

शालननं मटण शिजत घातलं.
मसाला पडायच्या आधीची वाटी काढून दिली.
कोल्हापुरात तिला अळणी म्हणतात.
नाव अळणी, आत मीठ. पन्नास वर्षं पितोय,
हे त्या दिवशी जिभेला कळलं.
हळदीचं पाणी, वर चरबीचे गोल डोळे.
दोन वाट्या झाल्या आणि
जमीन पायाखाली परत आली.

मे महिन्यात कागलला पुतणीचं लग्न.
एकच पान जेवलो. मसालेभात, जिलेबी,
बरं, दोन पानं.
सकाळी अंगठी पेरावर अडली.
मुकाट परत आलं होतं पाणी,
खाल्ल्या मिठाला जागणारं.

त्याच आठवड्यात वडणग्याच्या तानूबाई आल्या.
"काप बाबा," बोट पुढं करून म्हणाल्या. म्हणजे अंगठी.
बोट दोन्ही बाजूंनी तिच्यावर चढलं होतं.
मी नवा शहाणा. म्हटलं, मीठ कमी करा, आक्का.
"च्यात कुठं असतंय मीठ?
मालक गेल्यापासनं एकटीसाठी कोण रांधतंय.
च्या आन् बटर. सांजच्याला बी तेच."

मी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला.
मेणाच्या साच्यात पडतो तसा खड्डा पडला.
आणि राहिला.
मी आकडे मोजत होतो. बारापर्यंत भरला नाही.
प्रणोती म्हणाली होती, रक्तात प्रथिन नसलं
की पाण्याला धरून ठेवायला हात उरत नाही,
ते वाट मिळेल तिकडं झिरपतं.
तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं.

बारीक करवतीनं अंगठी तोडली.
तीन ग्रॅम दोनशे चाळीस.
"घट किती?" म्हणाल्या.
दहा मिलिग्राम, आक्का, करवतीच्या दातांत.
त्या मान हलवून
बोटावरच्या गोऱ्या वळाकडं बघत बसल्या,
तिथं चाळीस वर्षांत ऊन पोचलं नव्हतं.

रिक्षा बोलावली. प्रणोतीला फोन लावला.
रिक्षा यायची होती, माझा डबा उघडायचा होता,
चार उकडलेली अंडी, कागदाच्या पुडीत मीठ.
पुडी मी खिशात टाकली, डबा पुढं सरकवला.
त्यांनी एक खाल्लं, सावकाश, पदर तोंडाशी धरून.

"अळणी हाय," म्हणाल्या.
आणि दुसरं उचललं.