एक जून

तिरुपतीची दाढी मीच करते,
चौथ्या दिवशी, नळाला पाणी येऊन गेलं की.
तो मध्येच हसतो, ब्लेड थांबवावं लागतं.
ओठावरची लव आता लव राहिली नाही,
मोठा झाल्याचा एवढाच काय तो पुरावा.

बाकी घास अजून अम्माच्या चमच्यानं,
मान अजून उशीच्या आधारानं.
शेजारचा माग सुरू झाला
की बाजेच्या पट्टीवर बोटं आपटतो,
खटक् खटक्,
वीज जाईपर्यंत.

तहसीलमधल्या बाई वाईट नव्हत्या.
पंखा आमच्याकडे वळवला त्यांनी.
म्हणाल्या, एक जूनला अठरा पूर्ण,
लहानांचा भत्ता तिथंच संपला.
आता मोठ्यांचा अर्ज, दाखला नवा,
आणि सही
त्याची स्वतःची.

अम्मा म्हणाली, एक जून कुठला?
हा तर गड्ड्याच्या जत्रेतला!
नंदीध्वज निघाले होते, मला कळा सुटल्या होत्या,
रिक्षाला वाट मिळेना.
एक जून बुर्ला गुरुजींनी लिहिला,
नाव घालताना, वय बसावं म्हणून,
चांगल्या मनानं.

शाळेत तो गेला चारच दिवस.
पाचव्या दिवशी त्यांनीच घरी सोडला.
तारीख मात्र शिकत राहिली,
पास होत होत थेट
या टेबलापर्यंत आली.

साडेसात महिने.
अम्मानं तिथंच बोटांवर विड्या मोजल्या,
मोजता मोजता थांबली.
"कारखान्यात छाट काढतात तेव्हा निदान दाखवतात,
हे पान फाटकं, हा दोरा सैल.
बाई, याचं काय सैल झालं
एकतीस मेच्या रात्रीत?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. शाईचा पॅड पुढं सरकवला.
मी त्याची मूठ उघडली,
एकेक बोट, शेंग सोलावी तशी.
त्याला तो खेळ वाटला.
अंगठा टेकायच्या आत पुन्हा मिटली,
आत माझं बोट.
कागदावर उमटलं ते आम्हा दोघांचं काहीतरी.
"चालणार नाही," बाई हळूच म्हणाल्या,
आणि दुसरा कोरा फॉर्म दिला, फुकट.

विडी घरकुलाकडे येताना
रिक्षात अम्मा गप्पच होती.
तिच्या आधारवर एक जानेवारी आहे,
तीही कुणीतरी बसवलेली.
अशोक चौकात सिग्नलला म्हणाली,
"त्याचं अठराला संपलं.
माझं कितीला संपतं, विचारायचं राहिलं बघ."