जांभळ्याचं पिवळं

माझं काम सांगायला सोपं आहे.
जांभळ्या द्रावणात पानाचा अर्क सोडायचा,
अर्धा तास अंधारात ठेवायचा,
आणि जांभळं किती पिवळं झालं ते मोजायचं.
जितकं पिवळं, तितकं पान गुणाचं.
परभणीच्या दुपारी पंखा गरम हवा इकडून तिकडं ढकलतो
आणि मी वहीत लिहिते:
अंबाडी, एकसष्ट.

नमुने केवळाबाईचे.
शनिवारी चपलांच्या दुकानाच्या सावलीत
तिचं पोतं पसरलेलं असतं.
श्रावणात तांदुळजा नि घोळ,
भादव्यात लाल देठाची अंबाडी,
दिवाळी सरली की करडीची कोवळी भाजी,
हुरड्याच्या दिवसांत जवसाची चटणी, कागदाच्या पुडीत,
आणि कधी वसमतच्या भाच्यानं आणून दिलेली ओली हळद,
मोडली तर चार दिवस बोट सोडत नाही.

"काय करूलालीस गं माय, माझ्या भाजीचं?
शिजवून खातेस का नुस्तीच बघत बसतेस?"

सांगायला गेले तर शब्दच आडवा आला.
प्रतिऑक्सिडीकारक.
तिनं तो तोंडात घोळवला
आणि कडू वाळकासारखा थुंकला.

मग म्हटलं, लोखंडाला गंज चढतो बघा,
तसं अंगातही चढत जातं काहीतरी,
धुरानं, उन्हानं, नुसत्या जगण्यानंसुद्धा,
आणि ही पानं...

"वांगं," ती म्हणाली.

वांगं?

"चिरून ठिवलं की काळं पडतंय.
मिठाच्या पाण्यात टाकलं की न्हाई पडत.
तसंच ना?
येवढ्यासाठी आठ वरसं कालेजात घातलीस?"

तसंच, मावशी.
म्हणजे जवळजवळ तसंच.
अंबाडीच्या लाल देठात एक असतं, हळदीत दुसरं,
शेवग्याच्या पाल्यात, काळ्या तिळात,
जांभळाच्या सालीत आणखी तिसरंच,
आणि एकट्याच्यानं भागत नाही,
ताटात रंग लागतात.
शिवाय नळीत झालं ते रक्तात तसंच होतं
असं छातीठोक सांगता येत नाही.
सर म्हणतात, हे वाक्य निबंधाच्या शेवटी टाक.
मला ते सगळ्यात आधी टाकावंसं वाटतं.

हे शेवटचं तिनं ऐकलंच नाही.
एका बाईशी दहा रुपयांवरून तिची जुंपली होती.

घरी काय करता, विचारलं. खाता ना हीच भाजी?
"उरली तर."
आणि बाजार चांगला झाला तर?
"मग काय, च्या अन् बटर."
माझ्या पिशवीत तेव्हा
ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता, अर्धा खाल्लेला.
मी पिशवीचं तोंड मुठीत धरलं.

ती गप्प. जुड्या मोजत राहिली.
मग त्यातली एक, बऱ्यापैकी जाड,
उचलून मांडीखाली सारली.
"कितीवाली म्हनलीस ही? एकसष्ट?"
एकसष्ट.
"मग ही इकायची न्हाई."
पुढच्या बाईनं नेमकी तीच मागितली.
केवळाबाई पाय न हलवता म्हणाली,
"संपली."

ज्येष्ठात गेले तेव्हा पोत्यावर जांभळं होती,
पळसाच्या पानांवर वाटे घातलेले.
तिची बोटं नखांपर्यंत रंगलेली,
अगदी माझ्या द्रावणाचा रंग.
लिंबाची फोड घासत होती ती,
जांभळं थोडं लाल व्हायचं,
पिवळं काही होईना.

मला बघून दहाही बोटं समोर धरली.
"हे मोज की."

वही होती, पेन होता.
मी दोन वाटे घेतले,
आणि तिथंच उभी राहून
एक जांभूळ तोंडात टाकलं.