खोडायचा पाव

काळा पाव चालत नाही.
तो आंबट, चिकट, कागदावर तपकिरी डाग सोडतो.
कोळशाची रेघ उचलायला लागतो पांढरा पाव,
कालचा,
आणि कालचा पाव स्टेशनामागच्या बेकरीत
सकाळी सातला अर्ध्या किमतीत मिळतो.
मी कडा खाते, गाभा ठेवते.
कडा माझी न्याहारी, गाभा माझ्या चुकांचा.

विल्नियसला डिसेंबरात उजाडतं तेव्हा
आमचा पहिला तास अर्धा सरलेला असतो.
हीटर एकच, तो मॉडेलच्या पायांशी.
बाकी आम्ही अठरा जण कोटात,
डाव्या हातात हातमोजा, उजवा उघडा,
नखांत असा काळेपणा की आई म्हणते
गॅरेजमध्ये कामाला लागलीस का.
आई पानेवेझीसहून दर रविवारी फोन करते.
चित्रं काढून झाल्यावर काय करणार, विचारते.
ब्रश धुणार, मी म्हणते.

मांतविदासच्या इझलचा एक पाय तोकडा.
त्याखाली तो कलेच्या इतिहासाचं जाड पुस्तक सारतो.
परीक्षेत त्याला त्या पुस्तकाचा
याहून जास्त उपयोग झालेला नाही.

दहाच्या सुमाराला पोटात कावळे ओरडतात.
गाभा समोरच असतो.
मी बघत नाही त्याच्याकडे. मी दांगुओले बाईंकडे बघते.

बाई एकोणसत्तर वर्षांच्या.
एकतीस वर्षं सात नंबरची ट्रॉलीबस चालवली.
"तेव्हाही बसूनच होते की," त्या म्हणतात,
"फक्त तेव्हा शहर हलायचं
आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही."
मी त्यांच्या दोन्ही पोटऱ्या सारख्या काढल्या.
विल्कास सर मागे येऊन थांबले, नाकातून श्वास सोडला.
"दोन्ही पाय एकाच बाईचे आहेत," ते म्हणाले,
"पण दोघांनी नोकरी सारखी केलेली नाही."

मग दिसलं.
पेडल दाबून दाबून उजवी पोटरी
एखाद्या गाठाळ मुळासारखी.
इतका वेळ ती तिथेच होती.
मी ठरवलं, चहा पिऊन येते, मग खोडते.

परतले तर बाई, अंगाभोवती झगा गुंडाळून,
माझ्या इझलपाशी. गाल फुगलेला.
पाव.
माझा खोडायचा पाव,
कोळसा लागलेल्या टोकासकट.
ओठांवर एक बारीक काळी मिशी.
"शिळा आहे गं," त्या म्हणाल्या,
"लोणी असतं तर गेला असता."
मग माझं तोंड बघून:
"तुझं जेवण होतं का हे?"

नाही, मी म्हणाले. ते खरंच होतं.
मग काय होतं, ते सांगायला जीभ रेटेना.
इथे पाव हातून पडला तर जुनी माणसं
उचलून त्याचा मुका घेतात.
त्यांना कसं सांगू
की मी त्याने कागद पुसते.

मांतविदासचं रबर मागता आलं असतं.
मागितलं नाही.
चुकीची पोटरी राहू दिली,
तिच्याबाहेर दुसरी काढली, तिच्याबाहेर तिसरी,
तिसरी जवळपास बरोबर.
कागदावर एक पाय, त्याला तीन कडा,
जणू तो अजून ब्रेक दाबतोय
आणि थांबा येतच नाहीये.

विल्कास सर आले. बराच वेळ उभे राहिले.
खोकले. पुढे गेले.
ते पुढे जाणं चांगलं की वाईट,
तीन वर्षांत मला कळलेलं नाही.

बाईंनी मोजे चढवता चढवता चित्र पाहिलं.
"डावा बरा आलाय," म्हणाल्या.

रात्री हॉस्टेलवर सूपला टर्पेंटाइनचा वास.
मी नाणी मोजली, परत मोजली.
उद्या दोन पाव घ्यायचे.
लोण्याचं बघते.