मागची दांडी

डोलीला चौघं लागतात.
पुढच्या दोघांना वाट दिसते,
मागच्या दोघांना माणूस.
मी मागच्या दांडीचा, उजव्या खांद्याचा,
आसईचा गंगोजी भोई.

घट बसून सात दिवस झाले होते,
परडीतलं धान बोटभर वर आलं होतं,
तेव्हा केळणेच्या काठी तोफा सुरू झाल्या.
दिवस मावळता थांबल्या.
मग उभ्या ज्वारीतून
रानच पाणी मागायला लागलं,
पाच-सहा भाषांत, रात्रभर.

कंपनीच्या तंबूत डॉक्टर होता,
त्याच्याकडे करवत, ब्रँडी, मेण लावलेला दोरा.
तंबूबाहेरच्यांना दस्तगीर जर्राह,
जाफराबादचा. एरवी गळवं फोडायचा,
सुंता करायचा, दाढ उपटायचा.
कुणी दरडावून विचारलं, हा कुठल्या बाजूचा?
तर मान वर न करता म्हणायचा,
डाव्या. डावी मांडी आहे, दिवटी धर.

लिंबाचं उकळलेलं पाणी, हळद, एरंडाचं पान,
अफू वाटाण्याएवढी, तीही दुसऱ्या दिवशी मुगाएवढी.
चिंध्या संपल्या तशी माझी भावजय राधी आली,
नवरात्राचं कोरं लुगडं तिनं दातानं फाडलं,
काठ तेवढा गुंडाळून कमरेला खोचला.
दसऱ्याला आपट्याचं पान कुणी कुणाला दिलं नाही.
पानं होती, पण हात मोकळे नव्हते.

एका जखमेत अळ्या वळवळताना पाहून
मी तोंड फिरवलं.
दस्तगीर म्हणाला, राहू दे.
सडकं तेवढंच खातात, जितं सोडतात.
एवढी पारख सरदारांना असती, तर
तू आज मासे धरत असतास.

मग हुकूम आला, जखमी अजिंठ्याला न्यायचे, सराईत.
कारकुनानं यादी केली:
गोरे इतके, शिपाई इतके, बैल इतके,
डोल्या इतक्या.
डोल्या आपोआप चालतात असं त्याला वाटलं असावं.
आमचा म्हाळू उचलता उचलता गेला, गोळा लागून.
तो कुठल्याच ओळीत बसला नाही.

माझ्या डोलीत मद्रासकडचा शिपाई आला,
गुडघ्याखाली पाय नसलेला.
पाय पुढं, डोकं मागं, म्हणून त्यानं मला
सगळी वाट उलटाच पाहिला:
हनुवटी वर, डोळे खाली, मधे मिशा.
मीही त्याला तसाच.
त्याचा एक शब्द मला कळला, तण्णी.
माझा एकही त्याला कळला नाही.
मी सांगत होतो, झोपू नको.

उन्हात जखमा वास मारतात, म्हणून रात्रीची चाल.
शिवण्याच्या पुढं चढावर चंद्र डोक्यावर आला,
तेव्हा कुणीतरी म्हणालं, आरं, आज कोजागिरी.
आज ती आकाशातून विचारत फिरते म्हणे, कोण जागं?
आम्ही जागे. पण आमच्याकडे दूध नव्हतं,
आणि तिलाही कुठं थांबायला सवड होती.

तो सारखा पुटपुटत होता.
खांदा बदलला की थोडा अडखळायचा, पुन्हा सुरू.
मला वाटलं शिव्या देतोय,
द्याव्यात, हिसके बसतच होते.

सराईत त्याला ओळीत ठेवला,
दुसऱ्या लंगड्याच्या शेजारी.
त्याच्या पलटणीतला एकजण मोडक्या हिंदीत बोलला:
हा तुझी पावलं मोजत होता.
मोजणी चुकली तर मरेन, म्हणत होता.

वाचला का?
लोक अजून विचारतात.
मागच्या दांडीला पोचेपर्यंतचंच दिसतं.
डॉक्टरच्या माणसानं घोंगडी उचलली,
आम्हाला हातानं खुणावलं, जा.

परत आलो तर राधी म्हणाली,
चिंध्या धुऊन आणल्यास का?
नाही म्हणालो. ती काही बोलली नाही.
पुढच्या साली त्या काठाची तिनं पोरीला कुंची शिवली.

आता म्हातारा झालो. ओझं घेऊन चढ लागला
की तोंडातून आपसूक निघतं,
ओण्णु, रेण्डु, मूणु, नालु.
नातवंडं विचारतात, हा कुठला मंत्र?
मी दम खातो.
चारच्या पुढचं मला येत नाही,
मग पुन्हा एकपासून.