उजवीकडची सीट

रात्री अडीचला रेव्हरंड लुंडीन
माझ्या गाडीत उजवीकडे बसतो.
आमच्या ठाण्याचा पाद्री. गुडघ्यांत थर्मास,
खिशात बायबल; ते बाहेर आलेलं
मी अजून पाहिलेलं नाही.

डुलुथचं सरोवर गोठलंय.
मी बोलत नाही. तोही नाही.
वायपर तेवढे काच खरडत राहतात.

मंगळवारी पुलाखालून काढलेल्या पोराचा
एक बूट माझ्या डिकीत आहे.
पुराव्याच्या यादीत तो नाही.
नवऱ्याला सांगितलं नाही मी,
सार्जंट हाल्वर्सनला तर नाहीच.

याला का सांगितलं, कोण जाणे.

वाटलं, आता हा देवाचा विषय काढणार.
त्याने थर्मासचं झाकण काढलं.
"साखर संपलीये. चालेल?"

उजाडताना आम्ही त्या घराच्या पायरीवर.
बेल त्याने मलाच वाजवू दिली.
फक्त हातमोजा काढून
उघडा हात माझ्या पाठीवर ठेवला,
उणे वीसमध्ये.

आईने बूट घेतला.
नाडी सोडली. पुन्हा बांधली.
काही म्हणाली नाही.

परतताना तो झोपला,
तोंड उघडं टाकून, चक्क घोरत.
मी हीटरची कळ
एक घर पुढे सरकवली.